मालकांना झेपेल इतका इतिहास

मेणबत्त्यांच्या कारखान्याच्या मालकांची एका मेजवानीत चारचौघांत शोभा झाली. गप्पांच्या भरात ते बोलून गेले, "दुसरं महायुद्ध ऐकून आहे, पण पहिलं कधी झालं?" टेबल खदखदा हसलं. मालकही हसले, पण घरी पोचेपर्यंत त्यांचं डोकं फिरलं होतं. सकाळी फर्मान निघालं: आधुनिक जगातल्या मोठ्या घटना कारखान्यात प्रत्येकाला माहीत असल्याच पाहिजेत. आपलं अज्ञान सगळ्यांत वाटून टाकलं की आपल्या वाट्याला कमी येतं, असा त्यांचा होरा असावा.

शिकवायला बोलावलं इतिहासाच्या निवृत्त बाईंना. शाळेत पोरं त्यांना 'तोफ' म्हणायची. घरी निवृत्त नवरा दिवसभर चहा कसा करावा हे त्यांना समजावत असे, त्यामुळे बाई कुठेही शिकवायला तयार होत्या.

जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगच्या खोलीत वर्ग भरला. बायका डबे उघडून बसल्या, मालक मागे खुर्ची टाकून, मुकादम खांबाला टेकून.

"सनावळ्या पाठ करून घ्या," मालकांनी फर्मावलं.

"त्या तुम्ही घरी करा," बाई म्हणाल्या. "पहिलं महायुद्ध म्हणजे राजेलोकांची भाऊबंदकी. जर्मनीचा बादशहा हा इंग्लंडच्या राजाचा आतेभाऊ, रशियाचा झार मावसभाऊ. एका राजपुत्राला कोणीतरी गोळी घातली, आणि सगळे बाह्या सरसावून उठले."

"आणि मेलं कोण?" पॅकिंगवाल्या काकूंनी हातातला घास तसाच ठेवून विचारलं.

"लढाईत? तुमच्या-माझ्या घरातले."

"म्हणजे आमच्या नणंदेच्या लग्नासारखंच. भांडले व्याही, उपाशी राहिलो आम्ही!"

खोली हसली. मालकांनी गुपचूप आतेभाऊ-मावसभाऊ कागदावर लिहून घेतले. पुढच्या मेजवानीत कामी येणार होते.

वर्गाला रंग चढला. एके दिवशी बाईंनी अमेरिकेतल्या कपडे शिवण्याच्या एका कारखान्याची गोष्ट काढली. वरचे मजले, शिवणाऱ्या बहुतेक कोवळ्या पोरी. माल चोरून नेऊ नये म्हणून एका दाराला कुलूप. आग लागली, आणि किल्लीवाला आधीच बाहेर पळालेला.

"शंभराहून जास्त माणसं गेली," बाई म्हणाल्या. "मग सरकारला कायदे सुचले."

काकूंनी मान वळवली. मग सगळ्यांनीच वळवली. मागच्या दाराशी मेणाची खोकी छातीभर रचलेली होती आणि कडीला नारळाएवढं कुलूप होतं.

"ही काय मोठी घटना आहे का?" मालक खेकसले. "युद्धं शिकवा, युद्धं!"

काकूंनी डब्याचं झाकण लावलं. "मुकादम, कुलूप काढा. तोवर आम्ही अंगणात बसतो."

बायका उठून चालू लागल्या. मुकादमाने खिसे चापपले. घराची किल्ली निघाली, स्कूटरची निघाली, सासऱ्याच्या कपाटाचीही निघाली. या कुलपाची किल्ली कधीकाळी हरवल्याचं त्याने पुटपुटत कबूल केलं. मालकांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी स्वतः खोकी ओढली, कुलूप धरलं, आणि मुकादम घाम गाळत लोखंड कापायची करवत चालवत राहिला.

बाई खडू हातात धरून उभ्या होत्या. इतकी वर्षं हा धडा शिकवला. पोरांनी लिहून घेतला, परीक्षेत ओकला आणि विसरून गेली. तो ऐकून कोणी जागचं उठल्याचं त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. तोफेला रडणं शोभत नाही म्हणून त्यांनी नाक शिंकरून घेतलं.

दार उघडलं तेव्हा वाऱ्याने लेबलं खोलीभर उडाली.

संध्याकाळी मालकांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. "बाई, आधुनिक इतिहास आता पुरे. प्राचीन घ्या. पिरॅमिड, ममी वगैरे. निरुपद्रवी."

"घेते की," बाई म्हणाल्या. "राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांनी धान्य मिळेना म्हणून काम बंद पाडलं होतं, तिथूनच सुरुवात करते."

मालकांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. "त्यांचं तरी राजाने ऐकलं का?"

"ऐकावं लागलं," बाई म्हणाल्या आणि चप्पल घालून निघाल्या.