ब्रेकचे दिवे

माझं डोकं लवकर तापतं. इंजिनाला तापायला निदान थोडा रस्ता तरी लागतो, मला तेवढाही लागत नाही. म्हणून बाबा मला लहानपणापासून तोफ म्हणतात. गॅरेज काढलं तेव्हा पाटीवर हेच नाव घाल म्हणून ते हटून बसले होते, मी घातलं नाही. तर या तोफेला त्या आठवड्यात बाबांच्या गाडीनं पार रडकुंडीला आणलं होतं.

गाडी सुरू व्हायला वेळ लावत होती. सकाळी चिमणीला शाळेत सोडायची वेळ झाली, बाबांनी किल्ली फिरवली, की नुसतं घर्र घर्र, घर्र घर्र. मग एकदम सगळी गल्ली जागी होईल अशी डरकाळी फोडून सुरू. चिमणी म्हणजे ताईची मुलगी, पहिलीत जाते. मायलेकी बाबांकडेच राहतात. आई गेल्यापासून बाबांचा दिवस त्या शाळेच्या फेरीवर उभा होता. तिला सोडायचं, आणायचं, वाटेतल्या तिच्या गप्पा ऐकायच्या, आणि उरलेला वेळ घड्याळाकडे बघत काढायचा. ताईनं मात्र निक्षून सांगितलं होतं, गाडीनं आता एकदा जरी उशीर केला तरी मी पोरीला शाळेच्या बसमध्ये घालणार. बाबांनी जन्मभर बस चालवली, साधा ओरखडा कुठे लागू दिला नाही. पण नात दुसऱ्याच्या बसमधून जाणार म्हटल्यावर त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं.

मी काय करायचं बाकी ठेवलं? बॅटरी बदलली, तिची टोकं घासली, प्लग नवे घातले, पेट्रोलचा पंप तपासला, स्टार्टर खाली उतरवून पाहिला. माझ्याकडे असेपर्यंत गाडी गुणाची, किल्लीला हात लावायचा अवकाश की सुरू. बाबांकडे गेली की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. वर बाबा म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं. झालं, माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, दोष गाडीत नाही, तुमच्यात आहे. जुन्या बसची सवय, अॅक्सिलरेटर दाबून किल्ली मारत असणार. नव्या गाडीला ते चालत नाही म्हणून सांगून सांगून माझा घसा कोरडा पडला होता. बाबांनी चिमणीची शपथ घेऊन सांगितलं की पाय अॅक्सिलरेटरला शिवतसुद्धा नाही, ब्रेकवर असतो. चिमणीची शपथ ते उगाच घेत नाहीत, पण तरीही मी मानलं नाही. ते उठून चालते झाले, आणि निघाले ते एकाच चपलेवर. दुसरी माझ्या टेबलाखाली पडलेली. दुसऱ्या पायाला सुट्टी दिलीत का, असं मी मागून विचारलं. त्यांनी खाली पाहिलं, परत येऊन चप्पल घातली आणि निघून गेले. रागातही मला हसू आलं होतं.

शेवटी ठरवलं, रोगी घरी कसा वागतो ते घरी जाऊनच बघायचं. सकाळी शाळेच्या वेळेला त्यांच्या दारात हजर झाले. ताई कामावर निघून गेली होती.

अंगण एवढंसं. गाडीचं तोंड फाटकाकडे, आणि जमीन त्याच बाजूला उतरती. म्हणून बाबा गाडी नेहमी पहिल्या गिअरमध्ये उभी करतात, आणि गिअर तसाच ठेवून सुरू करतात. डावा पाय क्लचवर, उजवा ब्रेकवर. बसवाल्याची सवय, कोण सांगणार? फाटक उघडायचं काम चिमणीचं. दप्तर पाठीला लावून ती गाडीच्या पुढे धावते, आणि कडी जड म्हणून दोन्ही हातांनी ओढत राहते.

मी गाडीच्या मागे गेले, पंपाचा आवाज येतो का ऐकायला टाकीपाशी वाकले आणि बाबांना म्हटलं, फिरवा. त्यांनी फिरवली. पंप नीट गुणगुणला. स्टार्टर जोरात फिरला. घर्र घर्र, घर्र घर्र. इंजिन काही पकडेना. मी मान वर केली आणि माझ्या नाकासमोर मागचा दिवा होता. काळा. पलीकडचाही काळा. काचेतला तिसराही काळा.

"बाबा, ब्रेक दाबलाय ना?"

"दाबलाय की. पार तळाला."

आधी वाटलं, दिव्यांचा स्विच गेला असेल. पण मी आल्या आल्या, गाडी मागच्या भिंतीला चिकटून उभी होती म्हणून मीच ती हातभर पुढे घेतली होती, आणि थांबवताना मागच्या भिंतीवर लाल उजेड पडलेला आरशात पाहिला होता. दिवे ठणठणीत होते. मग बाबांचा पाय तळाला कशावर होता?

नव्या गाड्यांची एक खोड असते. अॅक्सिलरेटर पार खाली दाबून किल्ली फिरवली, की गाडीला वाटतं इंजिनात पेट्रोल जास्त झालंय, आणि ती पेट्रोल द्यायचंच बंद करते. स्टार्टर बिचारा फिरत राहतो. दाबून दाबून पाय दमला, जरासा वर आला, की पेट्रोल मिळतं आणि गाडी डरकाळी फोडते. मला हे सगळं पाठ आहे. बाबा खोटं बोलतात असं समजून मी तेच तर त्यांना सुनावत होते. पण ते खोटं बोलत नव्हते. ब्रेक दाबलाय असं त्यांना खरंच वाटत होतं.

"तोफे, आता पकडतेय बघ," बाबा म्हणाले आणि त्यांनी पुन्हा किल्ली फिरवली.

गाडी पहिल्या गिअरमध्ये. पुढे उतार. आणि बॉनेटच्या पुढे, फाटकाला लोंबकळून कडी ओढणारी चिमणी. डरकाळीनं दचकून क्लचवरचा पाय नुसता सुटला असता, तरी गाडी सुसाट पुढे गेली असती, आणि बाबांनी जीव खाऊन तोच ब्रेक दाबला असता जो ब्रेक नव्हता. बोंब मारावी असं तोंडाशी आलं होतं. पण मी ओरडले तर बाबाच दचकणार. जन्मात पहिल्यांदा मी आवाज गिळला. गाडीच्या कडेनं चालत गेले, पळाले नाही. घर्र घर्र, घर्र घर्र. इंजिन एकदा खोकलं. मी उघड्या खिडकीतून हात आत घातला, किल्ली उलटी फिरवली आणि काढून घेतली.

अंगणात एकदम शांत झालं. कडी निघाली म्हणून चिमणीनं टाळी वाजवली.

बाबा संतापले. पकडतच होती, मध्येच काय हे, पोरीला उशीर होईल, असं बरंच बोलले. मी दार उघडलं आणि खाली बसले. त्यांचा उजवा पाय अॅक्सिलरेटरवर होता, अगदी तळाला टेकलेला. चप्पल निसटून कोपऱ्यात गेली होती.

"बाबा, खाली न बघता सांगा. पाय कशावर आहे?"

"ब्रेकवर. किती वेळा सांगू?"

मी त्यांच्या अंगठ्याला चिमटा काढला. ते समोर बघत राहिले. मी नख रुतवलं, चांगलं जोरात.

"आता सांगा, मी काय करतेय?"

"काय करतेयस? बसलीयस नुसती."

आणि मग त्यांनी खाली पाहिलं. माझं नख पाहिलं, अंगठ्यावर उमटलेली लाल खूण पाहिली, पाय कुठे आहे ते पाहिलं. मग मान वर करून फाटकाकडे पाहिलं. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. बसवाले होते ते. त्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले, आणि मला कधी नव्हे तो त्यांचा राग हवासा वाटला.

"रोज उभी असते ती तिथे," ते म्हणाले.

मी त्यांचा पाय दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला. थंडगार होता. मधुमेहाची गोळी ते न चुकता घेतात, पण पायाचं कधी कुणाला बोलले नव्हते. काय बोलणार, बधिर झालेला पाय दुखतच नव्हता. आणि मी शहाणी, गाडी झटकन सुरू व्हावी म्हणून जिवाचं रान करत होते. ती उशीर करत होती म्हणून तर पोरीला कडी काढून बाजूला व्हायला वेळ मिळत होता. मला तिथेच रडू फुटलं, आणि मी ते लपवलंही नाही.

चिमणी धावत आली. गाडी बिघडली का, असं तिनं आजोबांना विचारलं.

"गाडी चांगली आहे, बाळा," बाबा म्हणाले. "आज मावशी चालवेल."

ते दाराला धरून उतरले. चिमणीनं कोपऱ्यातली चप्पल काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी वाकून, नीट बघून तिच्यात पाय घातला. संध्याकाळी डॉक्टरकडे जायचं असं मी म्हटलं, तर नुसती मान हलवली. ताईला कोण सांगणार, हे मी विचारायच्या आत ते म्हणाले, मीच सांगेन. मग गाडीला वळसा घालून ते पलीकडच्या सीटवर जाऊन बसले. त्या सीटवर बसलेले बाबा मी कधी पाहिले नव्हते. त्यांना पट्टा कुठून ओढायचा तेही पटकन सापडेना.

मी किल्ली फिरवली. गाडी लगेच सुरू झाली.

शाळेच्या वळणाशी आल्यावर बाबांनी मागे हात करून चिमणीचं दप्तर सारखं केलं.

"उद्यापासून तू आधी गाडीत बसायचं," ते तिला म्हणाले. "फाटक मी उघडणार."