तिसऱ्या रांगेतला पिवळा ठिपका

माझ्या सासुरवाडीत पाहुण्याला पाणी नंतर मिळतं, आधी फुटबॉल दाखवतात. अख्खा सामना नाही, जेमतेम तीन-चार सेकंद. आमच्या शहराच्या संघाने जिंकलेला तो एकमेव अंतिम सामना. चेंडू जाळ्यात जातो, गोलच्या मागचे प्रेक्षक उसळतात आणि सासरे टीव्हीपाशी जाऊन तिसऱ्या रांगेतल्या एका पिवळ्या ठिपक्यावर छत्रीचं टोक टेकवतात.

"हा मी."

ठिपका ठिपक्यासारखाच आहे. त्याला नाक नाही, डोळे नाहीत. आजूबाजूचे लोक हात वर करून नाचताहेत आणि हा आपला ढिम्म उभा. या ढिम्मपणावरच सासऱ्यांचं लग्न जमलं. मुलगा दुकानांतली वजनं-मापं तपासतो एवढीच काय ती माहिती कळल्यामुळे सासूबाईंचे वडील नाही म्हणायच्या बेतात होते. तेवढ्यात कुणीतरी त्यांना सामन्याची टेप दाखवली. म्हातारा बराच वेळ ठिपक्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "सगळं मैदान वेडं झालंय आणि हा एकटा भानावर आहे. मुलगी द्यावी तर अशाच माणसाला." दिली. पुढे त्यांना दोन मुलं झाली, त्यातलं एक माझ्या वाट्याला आलं. म्हणजे माझा संसारही त्या ठिपक्याच्याच पायावर उभा आहे. तो पिवळा शर्ट डांबराच्या गोळ्यांसकट अजून कपाटात आहे.

इतकी वर्षं सगळं सुरळीत चाललं होतं. मग टीव्हीवाल्यांना काय बुद्धी झाली कोण जाणे, त्यांनी तो जुना सामना धुऊनपुसून एचडीमध्ये काढला. माझ्या मेव्हण्याने तो उतरवून घेतला आणि भिंत झाकेल एवढा टीव्ही आणला. पण सेट-टॉप बॉक्स जुनाच. त्यावर सामना लावला तर चित्राचे चौकोन चौकोन व्हायचे आणि आवाज चित्राच्या पुढे धावायचा. चेंडू अजून मधल्या रेषेवर आणि लोक गोल झाला म्हणून बोंबलताहेत.

"डबा चांगला आहे, त्याची ऑपरेटिंग सिस्टिम जुनी आहे," मेव्हणा म्हणाला. "नवी टाकली की बाबांच्या शर्टाची बटणं मोजता येतील."

सासूबाईंनी हातातला टॉवेल घडी न घालताच खाली ठेवला. हे त्या सहसा करत नाहीत. "बटणं? म्हणजे चेहराही दिसेल?"

"चेहरा? अगं आई, दाढीचे खुंट दिसतील!"

"मग करा. लग्नाच्या एकूण एक फोटोत यांचे डोळे मिटलेले आहेत. त्या वयातला चेहरा मी धड पाहिलाच नाही."

"अगं, आत्ता आहे तो बघ की," सासरे म्हणाले.

"तो रोजच बघते."

सिस्टिम निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी कॉम्प्युटरमध्ये आहे. म्हणजे मी कर्मचाऱ्यांच्या रजेचे अर्ज नामंजूर करणारा प्रोग्राम लिहितो. पण सासुरवाडीच्या दृष्टीने कॉम्प्युटर एकच आहे आणि मी त्याचा जावई आहे.

त्या दिवशी सासरे मला सोडायला खाली आले. याआधी ते कधी दारापर्यंतही आले नव्हते. जिन्याच्या वळणावर त्यांनी माझी बाही धरली.

"जावईबापू, जिच्यावर तो सामना नीट दिसणार नाही, अशी एखादी सिस्टिम मिळेल का?"

"का बाबा?"

"मी तिथे नव्हतो."

वरच्या मजल्यावर कुणीतरी दार उघडून पुन्हा लावलं. सासऱ्यांनी आवाज खाली आणला.

"तिकीट होतं, शर्ट होता," सासरे म्हणाले. "पण फाटकापाशी ती गर्दी बघून पाय मागे वळले. समोर घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान होतं, तिथे रेडिओवर ऐकला. मित्रांनी टेप बघून ठिपका शोधला, तुझ्यासारखाच उभा आहे म्हणाले. मी नाही म्हणणार होतो. तोवर मुलगी सांगून आली."

"मग ठिपका कोण आहे?"

"तेच तर मला आयुष्यात कधी बघायचं नाहीये," ते म्हणाले. "जन्मभर लोकांची वजनं तपासली. आता या वयात हिच्यापुढे माझंच माप खोटं निघालं, तर तोंड कुठे लपवू?"

रजेचे अर्ज नामंजूर करून माझं मन घट्ट झालेलं आहे, पण सासऱ्यांनी बाही धरली की माणूस पाघळतो. मी वाईट सिस्टिम शोधायला लागलो.

हे काम वाटतं तितकं सोपं नाही. चांगली सिस्टिम कुणीही सुचवतो. वाईट सिस्टिम शोधायची तर अभ्यास लागतो. शेवटी डबा बनवणाऱ्या कंपनीचीच एक मिळाली. तिची गंमत अशी की एचडी चित्र उलगडण्यासाठी डब्यात एक खास चिप आहे, पण ही बाई चिपला हाक मारायला तयारच नाही. सगळं स्वतः करायला जाते, धापा टाकते आणि शेवटी चित्र बारीक करून पडद्याएवढं ताणून दाखवते. मुलायम, धूसर, धुक्यातून बघितल्यासारखं. मला हवं होतं तेच.

मेव्हण्याची पसंती वेगळी होती. जगभरच्या हौशी लोकांनी फुकट बनवलेली एक सिस्टिम त्याने आणली. ती चिपला नीट हाक मारायची. झाडाचं पान दाखवलं तर शिरा दिसायच्या. निवाडा करायला सासरे बसले. वजनमाप खात्यातला चष्मा त्यांनी मुद्दाम काढला होता.

"हिच्यात बिघाड झाला तर तक्रार कुणाकडे करायची?" त्यांनी मेव्हण्याला विचारलं.

"कुणाकडेच नाही. आपणच दुरुस्त करायची."

"ज्या वस्तूची तक्रार करता येत नाही ती घरात आणायची नाही. बाद!"

"बाबा, पण चित्र बघा ना!"

"चित्राचं काय घेऊन बसलास? जास्त स्पष्ट दिसणं डोळ्यांना चांगलं नसतं. भावोजींची बघ. जाहिराती पण आहेत. जाहिरात लागली की माणूस उठतो, दोन पावलं चालतो. ही सिस्टिम आरोग्याची आहे."

"भावोजी, खरंच हीच चांगली?" मेव्हण्याने माझ्याकडे संशयाने बघितलं.

"हिच्यात स्थैर्य आहे," मी म्हणालो. मला एखादी गोष्ट समजावून सांगायची नसली की मी स्थैर्य म्हणतो. ऑफिसात यावर दोनदा बढती मिळाली आहे.

कंपनीची सिस्टिम बसली. पुढच्या रविवारी घरचे सगळे टीव्हीसमोर जमले. सासरे इतके निर्धास्त होते की त्यांनी तो पिवळा शर्ट अंगात चढवला होता. बटणं लागत नव्हती, पण उत्साह होता. छत्री उगारून ते म्हणाले, "लावा, लावा! होऊन जाऊ दे!"

मी सामना लावला. गवताचं पातं न् पातं वेगळं दिसत होतं. सकाळी सगळे आंघोळी करत असताना डब्याने आपला आपण अपडेट घेतला होता आणि त्या बाईला चिपची आठवण झाली होती. माझ्या ऑफिसात एका अपडेटसाठी वर्षभर हात जोडतोय, ते येत नाही. इथे कुणी बोलावलं नव्हतं.

मी रिमोट शोधायला लागलो. रिमोटवर बायको बसली होती. चेंडू जाळ्यात गेला. लोक उसळले. मेव्हण्याने फोनवरून चित्र थांबवलं.

तिसऱ्या रांगेत, जिन्यालगत, पिण्याच्या पाण्याचं पिवळं पिंप उभं होतं. प्लास्टिकचं, खाली तोटी, साखळीला पेला. उडी मारता मारता एका माणसाने त्याच्या झाकणावर हात टेकवला होता.

आपण पिंपाचे चिरंजीव आहोत की काय, असा भाव मेव्हण्याच्या चेहऱ्यावर उमटला. सासऱ्यांची छत्री हळूहळू खाली आली.

सासूबाईंनी चष्मा लावला. उठून पडद्याजवळ गेल्या. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं.

"म्हणजे पोट तेव्हापासूनचंच आहे," त्या म्हणाल्या. "मी उगाच माझ्या स्वयंपाकाला दोष देत होते."

"आई, ते पिंप आहे," माझी बायको म्हणाली.

"मला चष्मा आहे, दिसतंय."

"मग?"

"मग काय? तुझ्या आजोबांनी ह्याच्याकडे बघून मला दिली. इतकी वर्षं मी ह्याच्याबरोबर संसार केला. आता कुणी सिस्टिम बदलली म्हणून मी माणूस बदलू?"

सासऱ्यांनी शर्टाची बाही पुढे केली. "शर्ट खरा आहे."

"माहीत आहे, इस्त्री मीच करते," सासूबाई म्हणाल्या. "शनिवारच्या बाजारात चार माणसं दिसली की तुम्ही पिशवी माझ्या हातात देऊन पळता. आणि म्हणे सामन्याला गेले होते! लग्नाच्या पहिल्याच महिन्यात कळलं मला. त्या दिवशी चेहऱ्याचं म्हणाले, ते तुम्ही कबूल करता का बघायला."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? बाकीची दोन स्थळं त्या टेपमध्ये खरोखरच होती. दोन्ही उड्या मारत होती."

सासरे शर्टाचं एक बटण लावायचा प्रयत्न करत राहिले. सासूबाईंनी जवळ जाऊन ते लावून दिलं. लगेच तुटलं.

"एक सांगा," खुर्चीवर परत बसत सासूबाईंनी विचारलं, "हा गोल मारला कुणी?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. एवढ्या वर्षांत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या घरात चार सेकंदांच्या पलीकडे सामना कुणी पाहिलाच नव्हता. मेव्हण्याने तो सुरुवातीपासून लावला. मध्ये जाहिराती आल्या तेव्हा सासरे उठून दोन पावलं चालले, कारण तसं ते बोलून चुकले होते.

सिस्टिम तीच ठेवली. पुढच्याच आठवड्यात शेजारचे दातांचे डॉक्टर आले. सासऱ्यांनी छत्री कोपऱ्यातच राहू दिली. सासूबाईंनी ती उचलून त्यांच्या हातात दिली आणि टीव्ही लावला. सासरे चाचरत पुढे झाले.

"हा... मी."

डॉक्टर पुढे वाकले. दिवसभर लोकांच्या दाढा बघून त्यांची नजर तयार झालेली. "अहो, पण हे तर पाण्याचं पिंप दिसतंय!"

"जवळून ते तसेच दिसतात," सासूबाई म्हणाल्या आणि पाणी आणायला आत गेल्या.