पुढे जाऊ का?

पॉवर गेली की आमच्या ऑफिसातलं युनिक्स मशीन, म्हणजे मोठा कॉम्प्युटर, परत चालू होताना अर्ध्यातच थांबायचं आणि पडद्यावर विचारायचं, पुढे जाऊ का? y, म्हणजे हो, दाबेपर्यंत ढिम्म हलायचं नाही. मशीन चालू होताना जे हुकूम पाळतं त्या स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये ही ओळ आमच्या एकनाथकाकांनी घातलेली. ते माझे बॉस. वादळ झालं की मी एडिसनहून गाडी हाणत पिस्कॅटवेला यायचं, काकांना घरून उचलायचं, ऑफिस उघडायचं, आणि y दाबायचा मान काकांचा. न्यू जर्सीच्या उन्हाळ्यात वादळांना काय तोटा? मी पार विटून गेलो होतो.

त्या रविवारी दुपारी परत तेच. माझ्या बायकोला, सुमेधाला, नववा महिना लागलेला. मी निघालो तेव्हा ती नुसती दार धरून उभी राहिली.

"काका, ही ओळ आज काढू या," मी ऑफिसात म्हणालो. "तिला एकटीला टाकून येतो, जीव थाऱ्यावर राहत नाही."

"आणि डिस्क खराब असली तर?"

"मशीननं स्वतः चेक करावं. खराब असेल तर थांबावं, धड असेल तर गप चालू व्हावं. समोर माणूस बसलाय असं धरून का चालायचं?"

"विचारलेलं बरं असतं, चारू."

"आजवर एकदा तरी n दाबलंय तुम्ही?"



"नाही," काका पडद्याकडं बघत म्हणाले. "पोरगा बघ, विनयनं परस्पर घर घेतलं. पोरीनं, पद्मिनीनं, लग्न ठरवून मग फोन केला. म्हणे, बाबा, डिडन्ट वाँट टु बॉदर यू. तुझी काकू गेल्यापासून हे मशीन तेवढं विचारतं बघ."

मला त्यांची दया आली आणि रागही आला. त्यांच्या एकटेपणापायी मी किती गाडी हाणायची? पण भांडायचंही त्राण नव्हतं. मी खुर्चीत बसून राहिलो.

काकांनीच कीबोर्ड ओढला. ओळ खोडली, तिच्या जागी डिस्कची तपासणी घातली आणि मशीन बंद करून परत चालू केलं. ओळी सरकत गेल्या. प्रिंटर चालू झाला, मेल चालू झाली, लॉगिन आलं. मशीन कुठंच थांबलं नाही. काकांचं बोट मात्र y वर तसंच टेकलेलं होतं.

"चला, सोडतो तुम्हाला," मी म्हणालो.

"तू पळ. सुमेधा वाट बघत असेल." त्यांनी बोट उचललं नाही. "मी जाईन चालत घरी. मला कुठं घाई आहे."