तीन टक्क्यांच्या आत

दोधूआप्पांनी आपल्या कारखान्याचा दोरा दोन्ही हातांत ताणून पाहिला. तुटला नाही. मग परदेशी दोरा तेवढ्याच जोराने ताणला. तोही तुटला नाही, वर तो स्वस्त होता. स्वतःच्या देशात विकतात त्याहून स्वस्त.

"आप्पा, दिल्लीना निकाल उना." मुलगी चारुलता मोबाईल घेऊन यंत्रापाशी आली. या स्वस्त परदेशी दोऱ्यावर जादा कर लावा, असा अर्ज तिनेच दिल्लीला केला होता.

"लागना का कर?"

"नही. चौकशीच बंद करी टाकी."

आप्पांनी यंत्र थांबवले.

मिरचीची पोती शिवायचा जेवढा दोरा परदेशांतून येतो, त्यात त्या देशाचा वाटा तीन टक्क्यांच्या आत गेला होता. तीन टक्क्यांच्या आतला माल नियमाच्या लेखी नगण्य. नगण्य मालाने कोणाचे नुकसान होत नाही, असे नियम धरून चालतो. नियम कधी नंदुरबारला आलेला नाही.

"अर्ज करा तवय तं जास्त व्हता ना!"

"व्हता. पन त्यासना माल येस तो आपलाच मिरचीबाजारमा. आन या वरीसले बाजारनी तो लिधाच नही."

आप्पा खाली बसले. गेल्या हंगामात पथारीवर वाळणाऱ्या मिरचीच्या ढिगावर हात ठेवून व्यापाऱ्यांनी शपथ घेतली होती: निकाल लागेपर्यंत दोधूआप्पांचाच दोरा. महाग पडला तरी. बाजारात शपथ शेवटपर्यंत पाळली गेल्याची ही बहुधा पहिलीच वेळ.

तेवढ्यात त्या व्यापाऱ्यांतलाच राजेंद्र दारात आला. निकाल काय ते न विचारताच त्याने पेढ्यांचा पुडा आणला होता.

"आप्पा, जिकनूत ना आपन?"

"नही भो. हारनूत."

राजेंद्रने पुडा हळूच पाठीमागे घेतला.

"आम्ही कमी पडनूत का?"

चारुलताने तोंड उघडले. आप्पांनी तिच्याकडे पाहिले. तिने मोबाईल ओढणीखाली धरला.

"नही रे. तुम्ही काहीच कमी पडनात नही."

"मंग आखो वरीसभर शपथ वाढाडूत. मी आजच सगळासले सांगस."

"नको." आप्पांचा आवाज चढला, मग उतरला. "आते तुम्ही त्यासनाच दोरा ल्या. भरपूर ल्या."

राजेंद्रने पाठीमागचा पुडा पुन्हा पुढे केला.

"रागे भरनात का आप्पा आमनावर?"

आप्पांनी नकारार्थी मान हलवली, पुड्यातला एक पेढा घेतला आणि यंत्र सुरू केले. ते चालू असले की कोणाला काही सांगता येत नाही.