शेवंताबाईंच्या पोटातलं टरबूज

सदर बाजारात भाव पाडता पाडता कापडवाल्यांना घाम फोडणाऱ्या शेवंताबाई त्या उन्हाळ्यात दुकानाच्या पायरीवरच बसून राहू लागल्या, तेव्हा त्यांची सून अपर्णा त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. सासू पांढरीफटक पडली होती. रक्त चढवलं की गालावर थोडा रंग यायचा नि पुन्हा ओसरायचा. रक्त जातं कुठे, हे कुणालाच सांगता येईना. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. मुलगा गौतम आईपुढे रोज बीट ठेवायचा आणि नव्या रायपूरच्या ऑफिसला निघून जायचा.

अपर्णाचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. तान्ह्या लेकीची, ज्ञानदाची, दुपटी तपासून तपासून तिला सवयच जडली होती. शी पिवळी की हिरवी, घट्ट की पातळ. मायक्रोबायोलॉजीची डिग्री शेवटी लंगोटांच्या कामी आली, असं गौतम चिडवायचा. त्याच सवयीने तिने एकदा धीर करून सासूला विचारलं. काळी होते, डांबरासारखी, असं शेवंताबाईंनी लाजत लाजत सांगितलं. डॉक्टर म्हणाले, लोहाच्या गोळ्यांनी तसं होतंच. अपर्णालाही ते ठाऊक होतं, म्हणून तिने ते तिथेच सोडलं.

मग एका सकाळी गॅलरीतल्या कढीपत्त्याला पाणी घालताना कुंडीतली माती सरकली आणि खालून अर्धवट विरघळलेल्या विटकरी गोळ्या वर आल्या. झाड कसं तरारलेलं होतं!

"आई, ह्या इथे कशा?"

शेवंताबाईंनी पदर सावरला. "मले त्या सोसत नाहीत बापा. पोट गच्च होते. फेकाले जीव नाही झाला, म्हटलं झाडाले तरी लोह भेटू दे."

"एकही घेतली नाही?"

"पहिल्या पाकिटातल्या घेतल्या थोड्या. काहून? तू अशी काहून पाहून राहिली माह्याकडे?"

अपर्णाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. गोळ्या कधीच्या बंद झाल्या होत्या, तरी शी काळीच होती. म्हणजे ते रक्तच होतं, पोटात झिरपून काळं पडलेलं.

तिने त्याच दिवशी पोटाच्या डॉक्टरीणबाईंना गाठून सगळं सांगितलं. बाईंनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं आणि तोंडातून नळी घालून दुर्बिणीची तपासणी ठरवली. तपासणीच्या दिवशी शेवंताबाईंना गुंगीचं औषध दिल्यावर डॉक्टरीणबाईंनीच अपर्णाला आत बोलावलं. "दीदी, इधर देखिए."

पडद्यावर गुलाबी, ओलसर गुहा उजळली होती. तिच्या भिंतीवरून लालभडक पट्टे पोटाच्या खालच्या दाराकडे, आतड्याच्या तोंडाकडे, धावत होते, टरबुजाच्या सालीवर धावतात तसे. बाई म्हणाल्या की ह्याला टरबुजाचं पोटच म्हणतात. ह्या फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्या थेंब थेंब पाझरत राहतात, आणि कित्येकदा साधी सूज समजून सुटून जातात.

मग नळीच्या टोकातून वायूचा झोत आला आणि त्यावर निळी ठिणगी पेटली. टोक भिंतीला लागतसुद्धा नव्हतं. ठिणगी जिथून फिरली, तिथला लाल पट्टा पांढरा पडून मिटत गेला. अपर्णा श्वास रोखून बघत राहिली. रोज आपल्या हातचं जेवणाऱ्या ह्या बाईच्या आत एवढं रान माजलं होतं, आणि कुणीतरी निळ्या दिव्याने ते हलक्या हाताने विझवत होतं. तिचे हात आपोआप जोडले गेले. कुणाला, ते तिलाही कळलं नाही.

त्यासाठी आणखी काही वेळा दवाखान्यात यावं लागलं. लोह आता सलाइनमधून शिरेत जाऊ लागलं. रक्त मात्र पुन्हा चढवावं लागलं नाही.

दिवाळीच्या आधी शेवंताबाई सदर बाजारात एका साडीसाठी दुकानदाराशी भांडभांड भांडल्या, उभ्यानेच. बाहेर आल्यावर त्यांनी अपर्णाच्या फोनमधला, पडद्यावरच्या लाल पट्ट्यांचा तो फोटो पुन्हा मागितला आणि भर रहदारीत थांबून बराच वेळ पाहिला.

"एवढं सगळं माह्या आतच होतं?"

"हो, आई."

"आन तुले कढीपत्त्यानं सांगितलं," त्या म्हणाल्या, आणि पायरीकडे न बघता पुढे चालू लागल्या.