आईसाहेब म्हणतात

धायरीचा गूळ, पांढऱ्या फडक्यात बांधलेला.

सव्वीस पावलं.

राजेसाहेबांची मोटार. मागच्या काचांना पडदे शाबूत, पुढे ड्रायव्हर नाही.

कलम करताना गुलाबाला डोळा कसा भरतात, हे एका मुलीला अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं.

१९५८. रविवार.

त्या रविवारी गुलटेकडीच्या बंगल्यात दोन पाहुणे आले होते: शेतकी कॉलेजात शिकवणारे सर्जेराव आणि त्यांचे वडील भैरूअण्णा. आले होते ते प्रेमलाराजेला मागणी घालायला. संस्थान विलीन होऊन दहा वर्षं झाली, पण तिच्या आईचा, विधवा राणीसाहेबांचा, गोषा काही विलीन झाला नव्हता. परपुरुषाशी त्या बोलत नसत. त्या आतल्या खोलीत, पाहुणे दिवाणखान्यात, आणि मधली सव्वीस पावलं तुडवत लेक निरोप पोचवी. वकील असो की नळवाला, दहा वर्षं तिचं प्रत्येक वाक्य ‘आईसाहेब म्हणतात’ इथून सुरू होई. आता स्वतःच्या मागणीचा निरोपही तिनंच न्यायचा. दुसरं होतं कोण?

सर्जेराव तिला आवडले होते. फुलांच्या प्रदर्शनात कलम दाखवता दाखवता त्यांनी विचारलं होतं, “आपलं मत काय?” तिचं मत! महिनाभर ती ते शोधत होती.

पहिली फेरी.

“राणीसाहेबांना सांगा,” भैरूअण्णा म्हणाले, “आमच्याकडं राज्य नाय, पन हिरीला बारमाही पानी हाय.”

आत आईसाहेब चक्क हसल्या. “विचारा, किती परस खोल?”

दुसरी फेरी.

“सात परस. आन काय हो, मायलेकींच्या घरात भिंती लई जाड दिसत्यात!”

“अण्णा!” सर्जेरावांनी दटावलं.

तिनं आत ‘सात परस’ एवढंच सांगितलं. आईसाहेबांनी मान डोलावली. “सांगा त्यांना, मुलगी दिली. पाणी मोजून सांगणारा माणूस खोटा नसतो.”

“आणि आपण?”

“आम्हाला काय धाड भरलीय? बायडाबाई आहे कामाला.”

“बायडाबाई निरोप काय पोचवणार? ‘राणीसाहेब लई रागावल्यात’ इतकंच सांगेल सगळ्यांना.”

“मग नाही बोलणार कुणाशी. पुष्कळ बोलून झालं.” असं म्हणत त्यांनी लेकीचा पदर सारखा केला. हात मात्र तिथंच राहिला, पदर मुठीत धरून. तो तिनं हळूच सोडवला.

तिसरी फेरी.

दारापर्यंत तिच्या तोंडात ‘दिली’ हाच शब्द होता.

“आईसाहेब म्हणतात,” ती म्हणाली, “जमणार नाही.”

सर्जेराव उठले. “आणि आपलं मत?”

“आईसाहेब म्हणतात तेच.”

भैरूअण्णांनी गूळ टेबलावरच ठेवला. “आणलेलं माघारी नेत नाय आमी.”

आत आईसाहेब पदर सावरून बसल्या होत्या. “काय म्हणाले?”

“विचार करून कळवतो म्हणाले.”

कळवणार कोण आणि काय? पहिले काही महिने आईसाहेब टपालवाल्याची वेळ झाली की बोलता बोलता थांबत. मग त्यांनी सर्जेरावांना जी नावं ठेवायला घेतली ती पुढली चोवीस वर्षं. “सात परस म्हणे! आमच्या लेकीला झुलवत ठेवलं मेल्यानं.” लेक पाय चेपता चेपता “हो” म्हणे. शेजारी मार्केट यार्ड झालं, पहाटेपासून ट्रक घुरघुरू लागले, मोटार भंगारात गेली. “हो,” लेक म्हणे. एवढं एकच उत्तर तिला आईला पुरवता येत होतं. सर्जेरावांची बाजू घ्यायची तर खरं सांगावं लागलं असतं.

१९८२ साली आईसाहेब गेल्या. तेराव्यानंतर चौथ्या दिवशी मतदारयादीचा माणूस दारात आला. “घरात कोण कोण असतं?”

“आईसाहेब म्हणतात...” ती म्हणाली.

तो पेन उघडून थांबला. ती वळून आतल्या खोलीकडे गेली, नेहमीच्या चालीनं. तिथं थोडी उभी राहिली. परत आली तेव्हा तो पायऱ्या उतरत होता.

“बाई, नाव तरी सांगा,” खालून तो म्हणाला.

तिनं सांगितलं. तिला ऐकू आलं, त्याला नाही.

१९४९ साली, लेक कॉलेजात गेली की, आईसाहेब गोषा बाजूला ठेवून फाटकाशी उभ्या राहून रहीम भाजीवाल्याशी स्वतः बोलत असत.