काळी दोनमध्ये अडकलेला कीबोर्ड

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. एकसष्ट पट्ट्यांचा, डाव्या कोपऱ्यात चिरलेला आणि अजूनही कामावर असलेला. हे शेवटचे आधीच सांगून ठेवतो, कारण मला पाहिले की लोक माझ्याबद्दल भूतकाळात बोलू लागतात आणि मला त्याचा राग येतो.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला, पण तिथले मला काही आठवत नाही. आठवते ते गोंदियातले दुकान. तिथून देवाजी मला त्यांच्या गावी, मुर्रीला घेऊन आले. ते राइस मिलमध्ये काम करत आणि सुट्टीच्या दिवशी जयंतीत, लग्नात गात. त्यांनी 'नवी पहाट पार्टी' काढली. गायला ते स्वतः, मला वाजवायला त्यांचा पुतण्या संघदीप आणि ताल धरायला ऑक्टोपॅडवर कवडू. ढोलकी नाही, तबला नाही, पेटी नाही. "सबन मशीनच वाजवते, मंग तुमी कायले येता?" असे म्हातारी माणसे चिडवत. माझ्यातून बासरी निघाली की तीच माणसे माना डोलावत.

संघदीपला बोटे फिरवायची एकच वाट ठाऊक होती. पहिल्या पांढऱ्या पट्टीला सा मानायचे आणि तिथूनच सगळी गाणी वाजवायची. गाणाऱ्याचा सूर वेगळा असला तर माझे एक बटण दाबायचे, म्हणजे माझे सगळे स्वर हवे तेवढे वर किंवा खाली सरकत. देवाजींचा सूर काळी दोन, म्हणजे दुसऱ्या काळ्या पट्टीचा. एकदा तो लावल्यावर त्या बटणाला वर्षानुवर्षे कुणी हातच लावला नाही. यात लाजण्यासारखे काही नाही, आमच्याकडे पुष्कळ पार्ट्या अशाच वाजवतात.

मग माणसे बदलू लागली. संघदीपला नागपूरला नोकरी लागली. त्याच्या जागी ओमेश आला, पण तोही संघदीपचे पाहूनच शिकलेला, म्हणून वाट तीच राहिली. कवडू डीजेच्या गाडीवर गेला, तेव्हा देवाजींची नात मोनाली ऑक्टोपॅड वाजवू लागली. शेवटी मिलमधल्या धुळीने देवाजींचा गळाच बसला आणि त्यांच्या जागी त्यांची सून, मोनालीची आई अल्का, माइकसमोर उभी राहिली. दर वेळी लोक म्हणाले, आता ही पार्टी संपली. दर वेळी आम्ही पुढच्या कार्यक्रमाला हजर.

अल्काचा सूर काळी चार. ओमेशने माझे बटण दाबले, पुन्हा दाबले, बंद करून चालू केले. काही उपयोग नाही. धूळ बसून बसून मी देवाजींच्या सुरात कायमचा अडकलो होतो. दुरुस्तीवाल्याने मला उघडले, फुंकर मारली आणि "इसका पार्ट अब नहीं आता" म्हणून परत बंद केले.

बिरसीच्या एका लग्नात अल्काला सासऱ्यांच्याच सुरात गावे लागले. खालच्या ओळी तिच्या गळ्यातून बाहेरच पडेनात. वऱ्हाडी गाण्याच्या मध्येच उठून जेवायला गेले. मित्रांनो, त्या दिवशी मला फार वाईट वाटले. तिचा आवाज चांगला होता आणि मी त्याची माती केली होती. त्यानंतर ओमेशने येणे सोडले.

मुर्रीच्या विहारातला जयंतीचा कार्यक्रम आमच्याकडे पहिल्यापासून होता. या वर्षी महिला मंडळाच्या निर्मलाबाई घरी आल्या आणि तोंडावर सांगून गेल्या, "अल्का, यंदा एक डाव तुमाले देतो. नाई जमलं त पुढच्या सालापासून डीजे." हातात तीन आठवडे होते.

देवाजी म्हणाले, "आपल्या पार्टीचा सूर काळी दोन हाय. तूच आवाज खाली बसव."

"मामाजी, मशीन सरकून नाई राहिली," अल्का म्हणाली, "अन् माहा गळाबी सरकत नाई. मंग मी बोटंच सरकवतो ना."

इतक्या वर्षांत हे कुणाच्याच डोक्यात आले नव्हते! आता वाजवणारा कुणी उरला नव्हता, म्हणून दुपारी बिड्या वळून झाल्या की तीच माझ्यासमोर बसे; संघदीपची वाट घरात पाहून पाहून तिला ठाऊक होती. एकेक पट्टी दाबत गेली आणि तिचा गळा जुळला तिथे थांबली. ती होती चौथी पांढरी पट्टी; माझे स्वर वर सरकून अडकल्यामुळे तिच्यातूनच आता काळी चारचा सूर निघत होता. पण तिथून निघाले की वाटेत एक काळी पट्टी लागते, संघदीपच्या वाटेत ती कधी नव्हतीच. अल्काचे बोट हमखास शेजारच्या पांढरीवर पडे आणि मी बेसूर ओरडे. "काऊन गावाले त्रास देऊन राहिली?" देवाजी आतून विचारत.  अल्का तीच ओळ पुन्हा वाजवे, दहादा, वीसदा. तिच्या बोटांना तंबाखूचा वास असे. मी मनातून म्हणत होतो, बाई, तू थकू नकोस, मी थकत नाही.

जयंतीच्या संध्याकाळी विहाराचे अंगण भरले. अल्का स्वतःच वाजवत होती, स्वतःच गात होती. पहिल्याच गाण्यात बोट घसरले. ती थांबली नाही. दुसऱ्या गाण्यात तिचा आवाज असा मोकळा सुटला की मागे उभी असलेली माणसे पुढे येऊन बसली. तिसरे संपल्यावर निर्मलाबाई बसल्या जागेवरूनच ओरडल्या, "पुढच्या सालीबी तुमीच!"

तेव्हा देवाजी उठले. हळूहळू मंचावर चढले आणि मोनालीच्या शेजारी, कोरसच्या माइकपाशी उभे राहिले. घशातून जेमतेम आवाज निघत होता, पण निघत होता तो सुनेच्या सुरात. आयुष्यात पहिल्यांदाच ते दुसऱ्याच्या सुरात गात होते. मला भरून आले.

मित्रांनो, माझी धूळ पुसत जा, मला कापडाने झाकत जा, तो माझा हक्कच आहे. पण एक बटण अडकले म्हणून मला माळ्यावर टाकू नका. मला जागचे हलता येत नाही, तुम्हाला येते. उद्या दुपारपासून मोनाली माझ्यावर शिकायला बसणार आहे. तिचा सूर कोणता, ते अजून तिलाही माहीत नाही. तो सापडेपर्यंत मी वाजत राहणार आहे.